कलावंताचा हजेरीपट

‘पुनरागमन’ हा शब्द दिसण्यांत मोठा निरुपद्रवी आहे. गेलेला माणूस परत आला, एवढाच त्याचा अर्थ; आणि परत आलेल्या माणसाचें स्वागत करावें, हा तर आपला गृहस्थधर्मच आहे. परंतु कलेच्या बाजारांत हा शब्द ज्या सुरांत उच्चारला जातो, तो सूर स्वागताचा नसतो. अनेक दिवस रजेचा अर्ज न देतां घरीं राहिलेल्या कारकुनाला हेडक्लार्कनें ‘काय, उगवलांत का?’ म्हणून विचारावें, तशांतला तो सूर असतो. एखाद्या गायिकेनें दहा-बारा वर्षें नवें गाणें प्रसिद्ध केलें नाहीं आणि मग एके दिवशीं केलें, कीं रसिक म्हणविणारे लोक प्रथम तिचा हजेरीपट उघडून बसतात. इतके दिवस कोठें होतां? काय करीत होतां? आमच्यावांचून करमलें तरी कसें? या चौकशीचें समाधानकारक उत्तर मिळाल्यावर फुरसत उरलीच, तर गाणें ऐकावयाचें! हा क्रम उलटा आहे; आणि त्याच्या मुळाशीं कलावंताविषयींची, विशेषतः स्त्री-कलावंताविषयींची, एक अत्यंत चुकीची कल्पना दडून बसली आहे, असें माझें म्हणणें आहे. तें मांडण्यास इंग्लंडांतील केट बुश या गायिकेच्या ‘एरियल’ या अल्बमाइतकें बोलकें उदाहरण मला दुसरें दिसत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत हें नांव मुलांच्या मार्फत आलें असेल. २०२२ च्या मे महिन्यांत ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या पर्वांत बुशबाईंचें ‘रनिंग अप दॅट हिल’ हें गाणें वाजलें, आणि सदतीस वर्षांपूर्वींचें तें गाणें जगभरच्या तरुणांच्या कानांत जाऊन बसलें. १९८५ सालीं जें ब्रिटनच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलें होतें, तें २०२२ च्या जूनमध्यें पहिल्या क्रमांकावर चढलें. त्या वेळीं बाईंचें वय त्रेसष्ट होतें. तेव्हांही तोच शब्द पुन्हां ऐकूं आला: पुनरागमन! वास्तविक बाई आपल्या जागीं होत्या आणि गाणेंही आपल्या जागीं होतें. उशीरा आले होते ते ऐकणारे. पण हा शब्द ज्यांच्या जिभेवर बसला आहे, त्यांना हें सांगून उपयोग काय?

त्यांच्या आयुष्याची हकीकत थोडक्यांत सांगितल्याशिवाय पुढील वाद समजणार नाहीं. केट बुश यांचा जन्म १९५८ सालचा, केंट परगण्यांतला. घरांत गाण्याबजावण्याचें वेड होतें, आणि लहान वयांतच त्या पियानोवर बसून स्वतःचीं गीतें रचूं लागल्या. ‘पिंक फ्लॉइड’ या प्रसिद्ध वाद्यवृंदांतील डेव्हिड गिलमूर यांनीं या मुलीचे गुण हेरले आणि तिला ईएमआय या कंपनीपर्यंत पोंचविलें. १९७८ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबरीवर रचलेलें त्याच नांवाचें त्यांचें गाणें ब्रिटनमध्यें चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें. स्वतः लिहिलेलें गाणें स्वतः गाऊन हें स्थान मिळविणारी ती तेथील पहिली स्त्री. खिडकीबाहेर उभें राहून आंत घ्या म्हणून विनवणाऱ्या कॅथरीनच्या भुताची ओळख वर्गांत करून देतांना अध्यापकाचा सबंध तास खर्ची पडतो. या मुलीनें तें काम साडेचार मिनिटांत केलें.

अशा यशाबरोबर जी घाई येते, ती आलीच. पहिला अल्बम १९७८ च्या फेब्रुवारींतला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दुसरा, ‘लायनहार्ट’, बाजारांत उभा राहिला. त्यांतील नवीं गाणीं फार थोडीं होतीं. बाकीचीं जुन्या सांठ्यांतून काढलेलीं. पुढील वर्षीं, १९७९ सालीं, दौरा झाला. त्याच्या आरंभींच प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचा अपघाती मृत्यु झाला. दौरा पुरा करण्यांत आला. परंतु त्यानंतर पस्तीस वर्षें बाईंनीं दुसरा दौरा काढला नाहीं. मात्र गाण्याच्या निर्मितीचीं सूत्रें त्यांनीं हळूहळू स्वतःच्या हातांत घेतलीं. ‘द ड्रीमिंग’ (१९८२) हा अल्बम सर्वस्वीं त्यांच्या देखरेखीखालीं तयार झाला. ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ (१९८५) तर घराजवळ स्वतः उभारलेल्या स्टुडिओंत. पुढें ‘द सेन्शुअल वर्ल्ड’ १९८९ सालीं आणि ‘द रेड शूज’ १९९३ सालीं. यानंतर थेट ७ नोव्हेंबर २००५ रोजीं ‘एरियल’. मधलीं बारा वर्षें म्हणजेच तें सुप्रसिद्ध ‘अज्ञातपर्व’.

बारा वर्षें हा काळ वृत्तपत्रांच्या हिशेबानें युगासारखा असतो. वृत्तपत्राला दररोज कांहींतरी छापावें लागतें. आणि छापण्यासारखें कांहीं घडत नसलें, म्हणजे तें कां घडत नाहीं याविषयीं छापावें लागतें. बाईंचें डोकें फिरलें आहे, त्या लठ्ठ झाल्या आहेत, मोठ्या वाड्याचीं दारें लावून आंत बसल्या आहेत, अशा कंड्या पिकल्या. डिकन्सच्या कादंबरींतील मिस हॅविशॅम, म्हणजे लग्न मोडलें त्या घटकेला घड्याळें बंद करून, अंगावरचा विवाहवेष तसाच ठेवून अंधारांत बसलेली ती स्त्री, हिच्याशीं त्यांची तुलना करण्यांत आली. २००४ सालीं तर जॉन मेंडेलसन या लेखकाची ‘वेटिंग फॉर केट बुश’ नांवाची सबंध कादंबरीच निघाली. वस्तुस्थिति काय होती? अगदीं साधी. १९९८ सालीं बाईंना मुलगा झाला. त्याला त्या वाढवीत होत्या, घर पाहात होत्या, आणि सवड सांपडेल तसें आपलें काम करीत होत्या. पीटर गेब्रियल या त्यांच्या स्नेही गायकाच्या तोंडून २००० सालीं गोष्ट निसटली, तोंपर्यंत त्या मुलाचा सुगावाही चौकस वार्ताहरांना लागला नव्हता. घड्याळें बंद करून बसली आहे म्हणून जिच्याविषयीं सांगितलें जात होतें, तिच्या घरांत तान्ह्या मुलाच्या दुधाच्या वेळा पाळल्या जात होत्या!

येथवर कोणी म्हणेल, वृत्तपत्रांचा हा स्वभावच आहे, त्यावर लेखणी झिजविण्यांत काय अर्थ? परंतु वृत्तपत्रांनीं जें भडकपणें म्हटलें, तेंच विचारी माणसें सभ्य भाषेंत म्हणत असतात. त्यांचे आक्षेप एकामागून एक तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला पक्ष असा कीं, कलावंताची शक्ति ही समाजाची ठेव आहे आणि ती पुरून ठेवण्याचा त्याला अधिकार नाहीं. हें वाक्य कानांना भारदस्त लागतें. पण ‘ठेव’ म्हणावयाचें, तर ठेवीचा हिशेबही पाहूं. समाजानें ठेवलें काय? १९७८ पासून १९९३ पर्यंत बाईंनीं सात अल्बम दिले. लोकांनीं किंमत मोजून ते घेतले, ऐकले, आवडले तसे डोक्यावर घेतले. देणें-घेणें तेथेंच फिटलें. वाण्याकडून सात महिने तूरडाळ घेतली, म्हणून आठव्या महिन्यांत दुकान बंद ठेवल्याबद्दल त्याच्यावर फिर्याद करतां येत नाहीं. आमचें प्रेम हें आमचें भांडवल आणि त्याचें व्याज ठराविक मुदतीनें मिळालेंच पाहिजे, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं प्रेम हा शब्द बदलावा, एवढेंच मी म्हणेन.

शिवाय ठेव जबरीनें वसूल केली म्हणजे हातीं काय लागतें, याचा पुरावा बाईंच्याच कामांत आहे. ‘लायनहार्ट’ हा वसुलीचा अल्बम. वर्ष सरण्यापूर्वीं दुसरा पाहिजे, ही कंपनीची निकड; आणि त्या निकडीनें जें पदरांत पडलें, तें पहिल्याच्या मानानें फिकें ठरलें. बाईंनाही त्यानें समाधान दिलें नाहीं. ‘द रेड शूज’ची गोष्ट वेगळी, पण बोध तोच. आदल्याच वर्षीं, १९९२ सालीं, त्यांची आई वारली होती. अल्बमांत एरिक क्लॅप्टन आणि प्रिन्स यांच्यासारखे नामांकित साथीला होते; तथापि ऐकणाऱ्याला त्यांत एक थकवा जाणवतो. पुढें २०११ सालीं बाईंनीं ‘डायरेक्टर्स कट’ या नांवानें याच अल्बमांतील आणि त्याच्या आधींच्या अल्बमांतील गाणीं पुन्हां घडवून प्रसिद्ध केलीं, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या कलावंताला आपलें काम थकलें आहे हें कळतें आणि कळल्यावर जो थांबतो, त्यानें समाजाची ठेव बुडविली, असें म्हणावयाचें कीं राखली?

दुसरा पक्ष आपल्या देशांत विशेष जोरानें मांडला जाईल. तो रियाजाचा. गळा आणि बोटें ही रोजच्या रोज घांसली नाहींत तर गंजतात. मग बारा वर्षें घरीं बसलेल्या बाईची काय कथा? रियाजाविषयीं मला नितांत आदर आहे. परंतु येथें दोन गोष्टींची गल्लत होते. मैफलींत न बसणें म्हणजे संगीत सोडणें नव्हे. कुमार गंधर्व १९४७ च्या सुमारास क्षयानें आजारी पडले आणि देवासला पांच-सहा वर्षें त्यांचें जाहीर गाणें बंद राहिलें. त्या अवधींत माळव्यांतील लोकगीतें त्यांच्या कानांत मुरत होतीं, हें त्यांच्या पुढील गायकीनें सर्वांना दाखवून दिलें. त्यांना आजारानें थांबविलें, बुशबाई आपण होऊन थांबल्या, हा भेद आहेच. पण बाहेरून जें रिकामें दिसतें तें आंतून रिकामें असतेंच असें नाहीं, एवढें दोन्ही उदाहरणांवरून सिद्ध होतें. आणि ‘एरियल’च्या बाबतींत तर तारखेचाच पुरावा आहे. या अल्बमांतील वाद्यवृंदाची रचना मायकेल केमन यांची आहे; आणि केमन हे २००३ च्या नोव्हेंबरांत वारले. अर्थात् ज्या काळांत बाई ‘नाहींशा’ झाल्या होत्या, त्याच काळांत हें काम चाललें होतें. पंचांग पाहाण्याची तसदी घेतली असती, तर पुष्कळांची शाई वांचली असती.

आतां तिसरा पक्ष. आणि माझें खरें भांडण त्याच्याशीं आहे. तो पक्ष असें म्हणतो: बाईंचें सगळें मान्य, पण एवढी मोठी प्रतिभा पोर सांभाळण्यांत आणि धुणें धुण्यांत गेली, हें नुकसानच नव्हे काय? हा आक्षेप सहानुभूतीच्या वेषांत येतो म्हणून तो अधिक घातक. त्याचा अर्थ असा कीं, आयुष्याचे दोन कप्पे आहेत. एकांत कला, दुसऱ्यांत घर. आणि दुसऱ्यांत घातलेला प्रत्येक दिवस पहिल्यांतून चोरलेला. या आक्षेपाला तर्कानें उत्तर देतां येईल, पण त्याहून चांगलें उत्तर ‘एरियल’मध्येंच आहे.

हा जोडअल्बम आहे. पहिल्या भागांत सात गाणीं. त्यांपैकीं ‘मिसेस बार्टोलोझ्झी’ हें गाणें प्रसिद्ध होतांच टिंगलीचा विषय झालें; कारण त्यांत एक बाई चिखलानें भरलेली फरशी घांसते आणि मग वॉशिंग मशीनमध्यें कपडे फिरतांना पाहात बसते. बारा वर्षें वाट पाहून आम्हांला धुण्याचें यंत्र ऐकावयाचें काय, असा प्रश्न विचारण्यांत आला. ज्यांनीं तो विचारला, त्यांनीं गाणें ऐकलें नसावें. साथीला एकटा पियानो. यंत्रांत तिचे कपडे त्याच्या कपड्यांभोंवतीं गुंडाळले जातात, आणि त्या साध्या दृश्यांतून ऐकणारा पाहतां पाहतां समुद्रांत जाऊन उभा राहतो. पायांशीं मासे, अंगाला पाणी. ती बाई विधवा आहे, कीं विरहिणी, कीं नुसतीच दमलेली, हें गाणें सांगत नाहीं. फरशी पुसणाऱ्या स्त्रीच्या मनांत एवढा समुद्र असूं शकतो, हें मात्र तें सांगतें. जात्यावर बसलें कीं ओवी सुचते, ही म्हण ज्या भाषेंत आहे, त्या भाषेच्या लोकांना यांत हंसण्यासारखें कांहीं वाटूं नये. आपल्या बायकांनीं शेंकडों वर्षें दळतांकांडतां रचलेलें काव्य जमवून त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. मग जात्याची जागा विजेच्या यंत्रानें घेतली, म्हणून काव्याचा हक्क रद्द झाला काय?

याच भागांत ‘बर्टी’ हें मुलावरचें गाणें आहे, रेनेसान्स काळच्या तंतुवाद्यांच्या साथींत बसविलेलें. तें गोड आहे, कोणाला जरा अधिकच गोड वाटेल. आई मुलाविषयीं बोलूं लागली कीं प्रमाण सुटावयाचेंच. ‘π’ या गाण्यांत तर वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं असलेलें प्रमाण दाखविणारे आंकडे एकामागून एक गाइले आहेत. त्यांत पुढें कांहीं आंकडे गळले आहेत, हेंही हिशेबी लोकांनीं शोधून काढलें. परंतु या सर्वांचा कळस म्हणजे पहिल्या भागाचें शेवटचें गाणें, ‘अ कोरल रूम’. समुद्राच्या तळाशीं बुडालेलें एक शहर, आणि मग एकदम घरांतील एक साधी तपकिरी सुरई, आईच्या हातची. १९९२ सालीं गेलेल्या आईविषयींचें हें गाणें २००५ सालीं आलें. दुःखाला शब्द सांपडण्यास मधला हा सगळा काळ लागला. तेंच गाणें १९९३ च्या अल्बमांत घाईनें घातलें असतें, तर तें शोकगीत झालें असतें; आज तें आठवण झालें आहे. ज्यांनीं आपले आईबाप पोंचविले आहेत, त्यांना या दोहोंतील अंतर समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

दुसरा भाग ‘अ स्काय ऑफ हनी’. ही सुटीं गाणीं नव्हेत. एका दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंतचा हा सुमारें चाळीस मिनिटांचा अखंड प्रवास आहे. आरंभीं पांखरांचा आवाज आणि लहान मुलाचा बोल, मग रस्त्यावर चित्र काढणारा एक चित्रकार, आणि त्या चित्रावर पडणारा पाऊस, मावळतीचा रंग, रात्रीं समुद्रांत पोहणें, आणि अखेर उजाडतांना पांखरांच्या किलबिलाटांत मिसळलेलें मोकळें हंसणें. आपल्या कस्तूर पक्ष्याच्या जातीचा जो ब्लॅकबर्ड विलायतेंत बागोबागीं गातो, त्याच्या सुरांत सूर मिळवून बाई गातात. अल्बमाच्या मुखपृष्ठावर सायंकाळच्या समुद्रांत डोंगरांची रांग दिसते. निरखून पाहिलें म्हणजे कळतें कीं हे डोंगर नव्हेत, ती ब्लॅकबर्डच्या गाण्याच्या ध्वनिलहरींची आकृति आहे. एक दिवस उगवतो आणि मावळतो, पांखरें बोलतात, पाऊस चित्र पुसून टाकतो. एवढाच याचा विषय. आतां मी विचारतों, हा विषय कोणाला सुचेल? वर्षाला एक अल्बम आणि सहा महिने दौरा या रहाटगाडग्याला जुंपलेल्या कलावंताला? तो हॉटेलांतल्या खोल्या पाहील, विमानतळ पाहील, आणि फार तर प्रसिद्धीच्या शिणावर गाणें रचील. ज्याला दुपार सबंध पाहावयास मिळते, ज्याच्या घरांत ‘तें पांखरूं काय म्हणतें?’ असें विचारणारें मूल आहे, त्यालाच हा विषय दिसतो. ज्यांना तुम्ही रिकामीं वर्षें म्हणतां, तींच येथें गाणें होऊन आलीं आहेत. तेव्हां मुलानें आणि संसारानें कलेचा घास घेतला, हा आक्षेप या अल्बमापुरता तरी पार उलटा ठरतो.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. या ‘पुनरागमना’चें जें पहिलें गाणें बाजारांत आलें, ‘किंग ऑफ द माउंटन’, तें एल्व्हिस प्रेस्लीविषयीं आहे. १९७७ सालीं मेलेल्या ज्या गायकाला लोक अजून मरूं द्यावयास तयार नाहींत, तो कोठें तरी बर्फाच्या डोंगरावर जिवंत असेल काय, असें त्यांत कुतूहल आहे. आणि त्याच भागांत अदृश्य होण्याचा मंत्र सांगणारेंही एक गाणें आहे. कोठें होतां म्हणून विचारणाऱ्यांना बाईंनीं असें उत्तर देऊन ठेवलें होतें. पण हजेरीपटांत डोकें खुपसून बसलेल्यांना तें ऐकूं येणार कसें?

येथें माझ्या बाजूच्या लोकांनाही एक इशारा दिला पाहिजे. बाईंचें समर्थन करतांना कांहीं भक्त उलट टोंकाला जातात आणि मौनाचीच आरती ओंवाळूं लागतात. जितकें मौन दीर्घ, तितकी कृति थोर, असा त्यांचा सिद्धांत. हा सिद्धांतही हजेरीपटच आहे. फरक इतकाच कीं येथें गैरहजेरीला गुण मिळतात! मौनानें थोर कृति होत असती, तर जगांतील सर्व आळशी माणसें महाकवि ठरतीं. शिवाय बाईंनींच २०११ सालीं मे महिन्यांत एक आणि नोव्हेंबरांत ‘फिफ्टी वर्ड्स फॉर स्नो’ हा दुसरा, असे दोन अल्बम एका वर्षांत देऊन हा सिद्धांत मोडीत काढला आहे. काम पिकण्यास कधीं सहा महिने लागतात, कधीं बारा वर्षें. तें किती लागावे, हें पिकविणारा जाणतो. बाहेर उभें राहून घड्याळ दाखविणारा जाणत नाहीं.

दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. कोणी म्हणेल, बाईंना हें परवडलें. पहिल्या यशाचा पैसा गांठीं होता, घरचा स्टुडिओ होता, कामाचीं सूत्रें स्वतःच्या हातांत होतीं. एखाद्या सामान्य गायिकेनें बारा दिवस गाणें बंद ठेवलें, तर घरभाडें कोणीं भरावें? हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो लपवूं इच्छीत नाहीं. परंतु यावरून निष्कर्ष कोणता निघतो? थांबण्याची मोकळीक फक्त सुदैवी लोकांनाच मिळते, ही तक्रार असेल, तर ती मोकळीक इतरांस कशी मिळेल याचा विचार करा. ती जिला मिळाली तिच्यावरच अपराधाचा डाग लावून इतरांची स्थिति कशी सुधारणार?

हा प्रश्न केवळ विलायती गायिकेचा नाहीं, म्हणूनच एवढ्या विस्तारानें लिहिलें. आपल्या ओळखीच्या कोणत्याही सुशिक्षित स्त्रीला विचारा. मुलांसाठीं पांच-सात वर्षें नोकरी सोडलेली बाई पुन्हां अर्ज करते, तेव्हां समोरचे विद्वान तिच्या गुणपत्रिकेवरून बोट सरकवीत त्या कोऱ्या जागेवर येऊन थांबतात: या वर्षांत आपण काय केलेंत? त्या वर्षांत तिनें दोन माणसें घडविलीं, एका म्हाताऱ्या सासूचें दुखणें काढलें, घरचा जमाखर्च संभाळला. पण यांतलें एकही उत्तर त्या रकान्यांत बसत नाहीं, म्हणून ती मान खालीं घालून ‘कांहीं नाहीं’ म्हणते. हें ‘कांहीं नाहीं’ आपण तिच्या तोंडून वदवितों. ‘एरियल’चें महत्त्व मला यासाठींच वाटतें कीं, एका बाईनें हें उत्तर देण्याचें साफ नाकारलें. क्षमा मागितली नाहीं, खुलासा दिला नाहीं, वाया गेलेला वेळ भरून काढण्याचा आवही आणला नाहीं. त्या वर्षांत जें होतें, तेंच, धुण्यासकट आणि पोरासकट, उचलून तिनें गाण्यांत ठेवलें.

याचा पुढचा भाग २०१४ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ भागांतील नाट्यगृहांत पाहावयास मिळाला. २६ ऑगस्टपासून १ ऑक्टोबरपर्यंत बाईंचे बावीस प्रयोग झाले. १९७९ नंतर प्रथमच. तिकिटें कांहीं मिनिटांत संपलीं. त्या दिवसांत त्यांचे आठ अल्बम एकाच वेळीं ब्रिटनच्या पहिल्या चाळिसांत आले, म्हणजे जुनें कामही लोकांनीं नव्यानें विकत घेतलें. प्रयोगाला येतांना फोन आणि कॅमेरे बाजूला ठेवा, अशी बाईंनीं प्रेक्षकांना विनंति केली होती; आपल्याला यंत्रांशीं नव्हे, माणसांशीं भेट पाहिजे, असा तिचा आशय. आणि रंगमंचावर त्यांच्याबरोबर उभा होता सोळा वर्षांचा त्यांचा मुलगा. त्याच्याच आग्रहामुळें आपण हें धाडस केलें, असें बाईंनीं जाहीरपणें सांगितलें. ज्या पोरानें आईची कला खाल्ली म्हणून हळहळ करण्यांत येत होती, त्याच पोरानें आईला हाताला धरून पुन्हां प्रेक्षकांसमोर आणलें. इतका रोखठोक निकाल व्यवहारांत क्वचितच लागतो.

सारांश, कलावंताच्या वर्षांचा हिशेब ठेवण्याचें काम आपलें नाहीं. नवें काम पुढें आलें, म्हणजे तें काय आहे, त्यांत खरें किती आणि पोकळ किती, एवढेंच टीकाकारानें पाहावें. मधलीं वर्षें त्या कामांत ऐकूं येत असतील, तर त्यांविषयीं अवश्य बोलावें. ऐकूं येत नसतील, तर तीं त्या माणसाचीं खासगी वर्षें आहेत आणि तेथें डोकावण्याचें आपल्याला कारण नाहीं. ‘पुनरागमन’ हा शब्द जाहिरातदारांना लखलाभ असो. त्यांना माल खपवावयाचा असतो. रसिकांनीं तो उसना घेऊं नये.

यापुढें बुशबाईंचा नवा अल्बम येईल कीं नाहीं, आला तर केव्हां येईल, हें त्यांचें त्यांना ठाऊक. आला तर ऐकूं. तोंपर्यंत ‘एरियल’ आहे, आणि तें पुरतेपणीं ऐकणारे अजून थोडेच आहेत. गैरहजेरी मांडावयाचीच असेल, तर ती या वर्गांत आपली मांडावी लागेल.